आयुष्यभर काय केलंत, ते लिहून आणा

पंचविशीतल्या एका विद्यार्थ्यानं १९६६ साली दोन छोट्या फिल्म केल्या. तो पोलंडमधल्या एका गिरण्यांच्या शहरात शिकत होता. त्या शहराचं नाव आपण नकाशावर ‘लॉड्झ’ असं वाचतो, तिथले लोक मात्र ‘वूच’ म्हणतात. तिथल्या फिल्म स्कूलनं त्याला दोनदा नापास करून तिसऱ्या खेपेला, १९६४मध्ये, आत घेतलं होतं. एका फिल्मच्या नावाचा अर्थ ‘ट्राम’, दुसरीचा ‘कचेरी’. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही सहा मिनिटांच्या आसपास. चहा गार व्हायच्या आत एकेक बघून होते.

विद्यार्थ्याचं नाव क्षिश्तॉफ किश्लोव्स्की. ‘डेकालॉग’वाला, ‘थ्री कलर्स’वाला. पण निदान अर्धा लेख होईपर्यंत हे नाव बाजूला ठेवा, अशी माझी विनंती आहे. नाव मोठं असलं की आपण त्याच्या शाळकरी वहीतसुद्धा पुढच्या थोरवीच्या खुणा शोधायला लागतो, आणि शोधल्या की त्या सापडतातच. अनोळखी मुलाची फिल्म असली की आपण उलटं वागतो. ‘विद्यार्थी आहे त्या मानानं छान केलंय’ म्हणून पाठ थोपटतो. दोन्ही वेळा समोरची सहा मिनिटं नीट बघायची राहूनच जातात.

मी अधूनमधून कॉलेजांच्या शॉर्टफिल्म स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. एका दिवसात तीस-पस्तीस फिल्म बघायच्या असतात. दुपारच्या जेवणानंतर तर कुठली फिल्म कुणाची हे कागद बघून आठवावं लागतं, कारण अर्ध्या फिल्मची सुरुवात एकच असते. अलार्म वाजतो, पांघरुणातून हात बाहेर येतो, मग ब्रश, मग आरसा. गाव असेल तर ते ड्रोनमधून. दुःख असेल तर पियानो. आणि शेवटी काळ्या पडद्यावर कुणातरी थोर माणसाचं वाक्य, जे त्या थोर माणसानं म्हटलेलं असेलच याची खात्री नसते. मार्कांच्या तक्त्यात कथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, अभिनय असे रकाने असतात. मला ज्याला मार्क द्यायचे असतात त्याचा रकाना त्यात नसतो. करणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या का, आणि त्यातली एक त्यानं का सोडली? अलार्मचा शॉट घेताना कुणापुढेही दोन वाटा नसतात. तो आपोआप येतो, शिंकेसारखा.

‘ट्राम’ आणि ‘कचेरी’ एकापाठोपाठ बघण्यासारख्या आहेत त्या याचसाठी. एकाच वर्षी, एकाच मुलानं, एकाच शाळेत केलेल्या या दोन फिल्म आवाजाच्या बाबतीत एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एकीत आवाजच नाही. दुसरीत आवाज आहे, पण तो चित्रापासून सोडवलेला आहे. यातली पहिली गोष्ट त्याला मिळालेली अट होती, दुसरी मला त्याची निवड वाटते. आणि माझ्या मते हा फरक पडद्यावर दिसतो.

आधी ‘ट्राम’. एक तरुण एका पार्टीतून बाहेर पडतो. रात्रीची वेळ. धावत जाऊन ट्राम पकडतो. आत एक मुलगी बसलेली असते. दोघांची नजरानजर होते, तो तिला हसवायचा प्रयत्न करतो, ती थोडी हसते, मग तिचा डोळा लागतो. त्याचा स्टॉप येतो. तो उतरतो. ट्राम सुटते, आणि मग तो तिच्यामागे धावायला लागतो. संपली फिल्म.

संवाद नाहीत, संगीत नाही, रुळांची खडखडसुद्धा नाही. फिल्म स्कूलमध्ये अशा मूक अभ्यासफिल्म करून घ्यायची जुनी रीत आहे. बोलायची सोय काढून घेतली की पोरं दाखवायला शिकतात, हा त्यामागचा हिशोब. आणि या पोरानं एक गोष्ट फार नेमकी हेरली आहे. ट्राम एकाच दिशेनं जाते आणि ठरलेल्या जागी थांबते. म्हणजे गोष्टीला आपोआप एक मुदत मिळते. त्याचा स्टॉप येईपर्यंत जे काय करायचं ते केलं पाहिजे. पटकथेच्या वर्गात ज्याला ‘डेडलाइन’ म्हणून शिकवतात, ती इथं रुळांवर आयती अंथरलेली आहे. त्यासाठी एक ओळही लिहावी लागली नाही. लोकलनं जाणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल.

पण आवाज नसण्याचा तोटाही इथंच दिसतो. मुलीचं लक्ष वेधायला मुलाला सारखं काहीतरी करून दाखवावं लागतं. मूकपटांच्या काळातले नट हे जाणून करत, त्यांची ती भाषाच होती. इथं मात्र एक साधा, लाजरा वाटणारा पोरगा आणि त्याच्या अंगावर चढवलेली थोडी जास्तीची हालचाल, असा मेळ न बसलेला प्रकार होतो. आवाज असता तर तो कदाचित गप्प बसला असता, आणि ते जास्त खरं वाटलं असतं. शांतता दाखवायला आवाज लागतो, हे मूक फिल्म बघताना फार जाणवतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. रात्रीची रिकामी ट्राम, एकटी मुलगी, आणि तिच्याकडे बघत राहिलेला अनोळखी मुलगा. रात्री अकरानंतरच्या लोकलमध्ये लेडीज डबा कुठे येतो ते बघून फलाटावर उभं राहणाऱ्या बाईला ही गोष्ट जशी दिसेल, तशी ती या फिल्मला दिसत नाही. कॅमेरा मुलाबरोबर चढतो, मुलाबरोबर बघतो, मुलाबरोबर उतरतो. मुलगी जागी असते तोवर तिच्या वाट्याला एक हसू येतं, आणि नंतर ती झोपते. झोपलेल्या माणसाला दृष्टिकोन नसतो, त्यामुळे करणाऱ्याची त्या प्रश्नातून सुटका होते. १९६६च्या फिल्मला आजचे निकष लावू नका, असं कुणी म्हणेल. मी नीतीचे मार्क कापत नाहीये. कॅमेरा कुणाच्या बाजूला ठेवायचा, ही फिल्म करणाऱ्यापुढची सगळ्यात पहिली निवड असते, आणि ‘ट्राम’मध्ये ती निवड झालेली नाही. अलार्मच्या शॉटसारखी ती आपोआप झाली आहे. मुलगा मुलीकडे बघतो, फिल्म अशाच असतात, म्हणून ही पण तशी.

शेवट मात्र चांगला आहे. तो धावतो, एवढंच. ट्राम गाठली की नाही, मुलगी जागी झाली की नाही, हे काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी इथं अजून दोन मिनिटं घातली असती.

आता ‘कचेरी’. ही माहितीपट-प्रकारातली, आणि माझ्या मते दोहोंतली खूपच वरची.

जागा सामाजिक विम्याचं सरकारी कार्यालय. म्हातारी माणसं, विधवा, अपंग, पेन्शनसाठी आलेले लोक. रांग. छोटी खिडकी. खिडकीच्या एका बाजूला कागद घेऊन आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला कागद तपासणारा माणूस. हे प्रमाणपत्र चालणार नाही, त्यावर हे लिहिलेलं नाही, ते आणा, मग या. हात, कागद, शिक्के. गोष्ट म्हणावी अशी काहीच नाही. कुणाचं काम झालं, कुणाचं अडलं, हेसुद्धा फिल्म आपल्याला धड कळू देत नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगावं असं काहीच नाही. दर नोव्हेंबरात आपल्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला निघतात. ‘मी जिवंत आहे’ हे जिवंत माणसानं स्वतः येऊन सांगायचं, आणि तरी ते कागदावर उमटेपर्यंत खरं धरायचं नाही. २०१४पासून त्याची डिजिटल सोय झाली, अंगठा लावला की काम होतं. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्राला त्या सापडत नाहीत. माझ्या आत्याच्या वेळी खिडकीमागच्या मुलीनं स्वतःच्या ओढणीनं तिचा अंगठा पुसून चार वेळा लावून बघितला. पाचव्यांदा लागला. ती मुलगी वैतागली नव्हती, उलट तिलाच वाईट वाटत होतं. तरी आत्याचा चेहरा उतरायचा तो उतरलाच. वाईट वागणारं तिथं कुणीच नव्हतं. अपमान मात्र झाला होता.

हा अपमान कसा दाखवायचा? ‘कचेरी’ बघताना माझ्या डोक्यात हा प्रश्न असतो, आणि त्या फिल्ममधली आवाजाची निवड मला त्याचं उत्तर वाटते.

त्या काळात विद्यार्थ्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याबरोबर त्याच क्षणाचा आवाज टिपणं सोपं नव्हतं. चित्र वेगळं घ्यायचं, आवाज वेगळा, आणि मग संकलनाच्या टेबलावर दोघांची सांगड घालायची. अशा वेळी साधा मार्ग असतो निवेदकाचा. एक भारदस्त आवाज घ्यायचा आणि त्याच्याकडून सगळं सांगून घ्यायचं. आपल्या फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या माहितीपटांचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना हे लगेच आठवेल. या पोरानं निवेदक घेतला नाही. त्यानं खिडकीवरचं बोलणं घेतलं आणि ते चित्रांवर असं सोडलं की कुठलं वाक्य कुणाच्या तोंडचं, हे जुळवता येऊ नये. आपल्याला एक चेहरा दिसतो आणि कानावर येतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी. प्रश्न ऐकू येतो, पण प्रश्न विचारणारं तोंड दिसत नाही.

याचा पहिला परिणाम म्हणजे फिल्ममध्ये खलनायक उरत नाही. अमुक बाई खेकसली, तमुक बुवानं फाइल फेकली, असं कुणाकडे बोट दाखवता येत नाही. दुसरा परिणाम त्याहून महत्त्वाचा आहे. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही म्हणून ते बोलणं खोलीचं होऊन बसतं. भिंती बोलतायत, कपाटं बोलतायत असं वाटायला लागतं. आत्याच्या वेळी मला जे सांगता आलं नव्हतं ते हेच होतं. तिचा अपमान त्या मुलीनं केला नव्हता, ती खिडकीच तशी बांधलेली होती.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत एका मुलीची फिल्म होती. आजोबांचं पेन्शन अडलंय, नातू त्यांना कचेरीत घेऊन जातो, सात मिनिटं. यातला क्लार्क तुम्ही न बघताच ओळखाल. तोंडात पान, पाय टेबलावर, मोबाइलवर गेम, समोर बघायचं नाही. आजोबा हात जोडून उभे, पंखा करकरतोय, आणि शेवटी आजोबा कोसळतात. तांत्रिकदृष्ट्या फिल्म नेटकी होती. करकरणाऱ्या पंख्याचा आवाज तर फारच चांगला. निकालानंतर ती मला गाठून म्हणाली, “मॅडम, क्लार्क भडक झालाय असं तुम्ही म्हणालात. पण तो खरंच तसा होता. माझ्या आजोबांना त्यानं असंच उभं ठेवलं होतं.”

मला तिचा राग पटतो. तिनं काही रचलेलं नव्हतं. तरी तिच्या फिल्मचा हिशोब मला मान्य नाही, आणि मी तो तिला मांडून दाखवला. तुझ्या फिल्ममधल्या क्लार्कची उद्या बदली झाली तर तुझ्या आजोबांचा प्रश्न सुटतो. म्हणजे तू आजोबांच्या हालाला जे कारण दिलंस ते फार छोटं आहे. बघणाराही सुखानं घरी जातो, कारण तो काही तसा क्लार्क नाही. ‘कचेरी’मध्ये कुणाचीही बदली करा, काही फरक पडत नाही.

ती गप्प बसली नाही. म्हणाली, “म्हणजे त्याला सोडून द्यायचं? सगळं सिस्टिमवर ढकललं की माणसं सुटतात.”

हा आक्षेप हलका नाही. ‘सिस्टिम’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्यात कुणीच राहत नाही, असं झालंय खरं. साम्यवादी पोलंडमध्ये, जिथं राज्य स्वतःला कष्टकऱ्यांचं राज्य म्हणवत होतं आणि फिल्मवर सेन्सॉरची नजर होती, तिथं एखाद्या आळशी कारकुनाची टर उडवण्यापेक्षा अख्खी कचेरी हाच विषय करणं ही जास्त धाडसाची गोष्ट होती. आपल्याकडे आज उलटं असू शकेल. नाव घेऊन एका माणसाला जाब विचारणं हेच इथं अवघड असेल. त्यामुळे ‘कचेरी’ची निवड उचलून सगळीकडे चिकटवता येणार नाही. पण मग त्या मुलीच्या फिल्मनं त्या एका माणसाला तरी नीट पाहायला हवं होतं. तो घरी जाऊन काय खातो, दिवसात किती माणसं त्याच्यापुढे हात जोडतात, त्यातल्या कितव्या माणसापासून त्यानं वर बघणं सोडलं? पान आणि टेबलावरचे पाय यातून तो दिसत नाही. यातून दिसतात याआधी पाहिलेल्या वीस फिल्म.

आता नाव बाजूला ठेवण्याची विनंती मागे घेते, कारण पुढचं काही त्याशिवाय बोलता येणार नाही.

किश्लोव्स्कीनं हे एकट्यानं शोधून काढलेलं नाही. वूचमध्ये त्याला शिकवणाऱ्यांत काझिमेश काराबाश होते. त्यांचा १९६०चा ‘मुझिकांची’ हा छोटा माहितीपट ट्रामच्या कामगारांच्या हौशी बँडबद्दल आहे. सुरुवातीला वर्कशॉपमधला यंत्रांचा गोंगाट, मग तेच राबणारे हात वाद्यांवर, आणि तालमीत सारखे थांबवणारे म्हातारे मास्तर. निवेदन अजिबात नाही. सगळं काम आवाज करतो, गोंगाटापासून सुरावटीपर्यंत. किश्लोव्स्कीनं पुढे आपल्या आवडत्या दहा फिल्मची यादी दिली तेव्हा वेल्सच्या ‘सिटिझन केन’ आणि चॅप्लिनच्या ‘द किड’ यांच्या शेजारी मास्तरांची ही छोटी फिल्म होती. ‘कचेरी’तला निवेदकाला दिलेला नकार हा मास्तरांकडून आलेला आहे. विद्यार्थ्याची फिल्म तपासताना ‘हे त्यानं कुठून घेतलं’ असं विचारलं की पोरं कानकोंडी होतात. तसं व्हायचं काही कारण नाही. घेतलेल्या गोष्टीचं पुढे काय केलं हे बघायचं असतं. काराबाशचा आवाज माणसांना एकत्र आणतो. शिष्यानं तीच युक्ती माणसं तुटलेली दाखवायला वापरली.

‘ट्राम’मध्ये जी निवड झालेली नव्हती, तिच्याकडेही तो परत गेला, पण बावीस वर्षांनी. १९८८च्या ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह’मध्ये तोमेक नावाचा मुलगा समोरच्या इमारतीतल्या माग्दाला दुर्बिणीतून रोज बघत असतो. ‘ट्राम’मधलाच मुलगा, आता यंत्र घेऊन बसलेला. पण इथं बाई झोपलेली नाही. तिला कळतं, ती उलट बघते, चिडते, त्याला खेळवते, दुखावते. आणि शेवटी त्या दुर्बिणीला तीच डोळा लावते. कॅमेरा कुणाच्या बाजूला, हा प्रश्न तिथं फिल्मचा विषयच होऊन बसला आहे. ट्रामच्या मागे धावणारा मुलगा मात्र आधीच परतला होता. १९८१मध्ये केलेल्या आणि १९८७पर्यंत अडकवून ठेवलेल्या ‘ब्लाइंड चान्स’मध्ये तो गाडीमागे धावतो, आणि गाडी मिळाली तर काय, नाही मिळाली तर काय, अशी तीन आयुष्यं आपल्याला दिसतात.

‘कचेरी’कडे परत येते, कारण तिच्याबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत.

पहिली त्याच निवडीबद्दल, जिचं मी एवढं कौतुक केलं. आवाज आणि चेहरा तोडला की कारकून सुटतो हे खरं, पण खिडकीसमोरची म्हातारी माणसंही त्यात हरवतात. कचेरी त्यांना नंबर करते आणि फिल्म त्यांना हात, सुरकुत्या, कागद करते. त्यांच्यातलं एकही माणूस फिल्म संपल्यावर माझ्या लक्षात राहत नाही. एखाद्या माणसाजवळ ती अर्धा मिनिट थांबली असती तर? तो रांगेतून बाहेर पडतो, कागद पिशवीत नीट घालतो, जिना उतरतो, एवढंच. कचेरीनं जे काढून घेतलं ते फिल्मनं थोडं परत द्यावं, असं मला वाटतं. न देणं ही शिस्त आहे, असंही म्हणता येईल. मला ती थोडी तरुणपणाची कडक शिस्त वाटते, ज्यात सूत्र पाळण्याच्या नादात माणूस मागे पडतो.

आणि यात एक परवानगीचा प्रश्नही आहे. तो आज तुमच्या-माझ्या खिशात आहे. हल्ली कचेरीत वाद झाला की कुणीतरी मोबाइल काढतं. त्या व्हिडिओत ओरडणारा अधिकारी असतो, आणि मागे रांगेत उभी असलेली, कुठलीतरी खासगी अडचण घेऊन आलेली पाच-सहा माणसंही असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. किश्लोव्स्कीला हे पुढे फार जवळून कळलं. १९८०मध्ये तो वॉर्सॉच्या रेल्वे स्टेशनवर माहितीपट करत होता. एका रात्रीचं त्याचं चित्रीकरण पोलिसांनी उचलून नेलं, कारण एका खुनातली संशयित मुलगी त्यात कुठेतरी सापडेल असं त्यांना वाटत होतं. ती त्यात नव्हती. पण असती तर? आपण टिपलेलं आपल्या हातात राहत नाही, हे कळल्यावर तो हळूहळू माहितीपटापासून दूर गेला आणि नटांकडे वळला. ‘कचेरी’त चेहरा आणि बोलणं जुळत नाही, त्यामुळे अजाणता का होईना त्या माणसांना थोडा आडोसा मिळाला आहे. अमुक बाईचं अमुक कागदावरून अडलं, हे त्या फिल्ममधून कुणालाही सिद्ध करता येणार नाही. माझ्या पहिल्या तक्रारीचं हे अर्धं उत्तर आहे. अर्ध्यापुढे ते जात नाही, कारण जिना उतरणाऱ्या माणसाची पाठ दाखवायला कुणाचीही परवानगी मोडावी लागत नाही.

दुसरी तक्रार शेवटाबद्दल. फायलींनी भरलेली फडताळं दिसतात. गठ्ठ्यांवर गठ्ठे. आणि त्यांवर खिडकीतला आवाज, आयुष्यभर काय काम केलंत ते लिहून द्या, अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. वाक्य बनवलेलं नाही. पेन्शनच्या अर्जासाठी कुठं, किती वर्षं नोकरी केली ही माहिती लागतेच, त्यामुळे कारकुनानं ते रोज शंभरदा म्हटलं असेल. खिडकीवर ते वाक्य साधंच होतं, रांगेतल्या इतर वाक्यांसारखं. फडताळांवर आलं की त्याचा अर्थ फुगतो. एवढे लोक, एवढी आयुष्यं, प्रत्येकाचं उत्तर एका दोरीनं बांधलेलं.

पहिल्यांदा ते ऐकू येतं तेव्हा अंगावर काटा येतो. पुन्हा येतं तेव्हा मला संकलनाच्या टेबलावर बसलेला मुलगा दिसतो. आपल्याला काहीतरी जबरदस्त सापडलंय हे त्याला कळलेलं आहे, आणि आपल्याला ते कळलं असेल की नाही याची त्याला शंका आहे. काळ्या पडद्यावर थोर माणसाचं वाक्य लिहिणाऱ्या पोरांची शंका तीच असते. फरक मोठा आहे. त्याचं वाक्य त्याच खोलीत सापडलेलं आहे, बाहेरून आणलेलं नाही, आणि या फरकासाठी मी त्याला भरपूर मार्क देईन. पण ते एकदा पुरलं असतं. एकदा वाक्य, आणि मग नुसती फडताळं, आवाजाशिवाय. ‘ट्राम’मध्ये सक्तीनं मिळालेली शांतता इथं त्याला स्वतःहून वापरता आली असती. ती त्यानं वापरली नाही.

चौदा वर्षांनी, १९८०मध्ये, त्यानं तोच प्रश्न पुन्हा काढला. ‘टॉकिंग हेड्स’ या छोट्या माहितीपटात तो लोकांना साधं विचारतो. जन्म कधीचा, तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय? सुरुवात १९७९मध्ये जन्मलेल्या बाळापासून होते आणि मग माणसं वयानं वाढत जातात. या वेळी खिडकी नाही, फडताळं नाहीत. प्रत्येक आवाजाला त्याचा चेहरा आहे आणि प्रत्येक चेहऱ्यासाठी कॅमेरा थांबतो. शेवटी शंभर वर्षांची एक बाई येते. तुम्हाला काय हवंय, असं तिला विचारल्यावर ती सांगते की तिला अजून जगायचंय.